ओळखीची सही

आमच्या पाळणाघरातल्या बत्तीवाल्या भाऊंइतका छळवादी माणूस घुग्घुसच्या धुळीत दुसरा झाला नसेल, आणि डोळे मिटून लेकरू ज्याच्या हाती द्यावं असाही दुसरा झाला नसेल. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा मावत होत्या, ते चार वर्षं त्यांच्यासोबत काम करूनही मला कळलं नाही. पाळणाघर म्हणजे इथल्या एका खासगी इंग्रजी शाळेच्या मागच्या दोन खोल्या. शाळा दोनला सुटते, पण खदानीतल्या आणि सिमेंट कारखान्यातल्या आईबापांची ड्युटी दोनला सुटत नाही. म्हणून ज्यांच्या घरी दुपारी कुणी नसतं अशी चाळीसेक लेकरं सहापर्यंत आमच्याकडे असायची. त्यांना खाऊ घालायचा, नाकं पुसायची, भांडणं सोडवायची, झोपली तर झोपू द्यायचं, हे माझं काम. मी चौथी शिकलेली. नवरा गेल्यापासून याच शाळेत राबते आहे. भाऊंचं काम काय, हे मात्र शाळेनं ठरवायच्या आधी भाऊंनीच ठरवून टाकलं.

भाऊ मूळचे सिरोंचाकडचे. घरात तेलुगू, बाहेर अर्धी हिंदी अर्धी मराठी. उभा जन्म त्यांनी जमिनीखालच्या खदानीच्या बत्तीघरात काढला. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला टोपीवरची बत्ती द्यायची, त्याच्या नंबराचा पितळी बिल्ला खिळ्यावर टांगायचा, आणि तो वर आला की बत्ती घेऊन बिल्ला काढायचा. पाळी सुटल्यावर खिळ्यावर एक जरी बिल्ला उरला तर एक माणूस अजून खाली आहे, हे सगळ्या खदानीला तिथून कळायचं. रिटायर झाल्यावर शाळेनं त्यांना ठेवलं, तेव्हा पहिल्याच दिवशी ते खिळे ठोकलेली भलीमोठी फळी डोक्यावर घेऊन आले. पाठोपाठ लेथवर काम करणाऱ्या खरादवाल्याकडून पितळेचे बिल्ले कापून आणले. प्रत्येक लेकराच्या नंबराचे दोन. एक फळीवर, एक आईबापाकडे. जोडी जुळली तर लेकरू मिळणार. नाही जुळली तर आई समोर उभी राहून रडली तरी भाऊ म्हणणार, "रडून घ्या बाई, पन बिल्ला आना."

सवयी सगळ्या खदानीतल्या. दुपारी खोलीचं कुलूप काढलं की ते आधी एकटे उंबऱ्यात उभे राहायचे आणि हवा हुंगायचे. चाळीस लेकरं दप्तरं घेऊन उन्हात उभी, आणि हे डोळे मिटून नाक वर करून. एकदा त्यांना हवेत काही तरी लागलं. कुणालाच आत सोडेनात. मी म्हटलं, "भाऊ, इथी काय गॅस निघून राह्यला का?" तर म्हणाले, "बाई, खाली ज्यायनं ज्यायनं असं विचारलं ना, त्यायचे हार घातलेले फोटोच पाह्यले मग." शेवटी एका पोराच्या विसरलेल्या डब्यात दोन दिवसांचं उकडलेलं अंडं निघालं. भाऊंनी तो डबा चिमट्यात धरून बाहेर नेला आणि असा चेहरा केला की जणू अख्खी पाळी वाचवली.

दर अर्ध्या तासानं ते लेकरं मोजायचे. डोक्यावर टपली मारत मोजायचे, म्हणून पोरं मुद्दाम खाली वाकायची आणि मोजणी पुन्हा सुरू व्हायची. एकदा एक कमी भरलं. भाऊंनी शिट्टी फुंकली. शाळेचं फाटक बंद केलं, निघालेली बस थांबवली, ड्रायव्हरला खाली उतरवलं. पाऊण तासानं ती पोरगी गुंडाळलेल्या सतरंज्यांच्या पोकळीत गाढ झोपलेली सापडली. भाऊंनी तिला उचललं, पाणी पाजलं, आणि मग भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. हसणारे आम्ही सगळे होतो. त्यांच्या बत्तीघरात कधी एखादा बिल्ला खिळ्यावरच राहिला होता का, हे विचारावं असं माझ्याही मनात आलं नाही.

एकदा संस्थेचे अध्यक्ष स्वतः नातवाला न्यायला आले. गाडी दाराशी, सोबत दोन माणसं. भाऊंनी त्यांना पोरांच्या वीतभर खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "साहेब, बिल्ला." अध्यक्ष म्हणाले, "अहो, ही शाळा माझी आहे." भाऊ म्हणाले, "शाळा तुमची हाय साहेब. पोरगं मायबापाचं हाय." घरून ड्रायव्हर बिल्ला घेऊन येईपर्यंत अध्यक्ष गुडघे हनुवटीला लावून बसले होते. ते हसले. प्रिन्सिपल मॅडम हसल्या नाहीत.

खदानीत बिल्ला हरवला तर त्यावर एक इलाज होता, तो भाऊंनी इथंही आणला. पाळणाघरात काम करणाऱ्या कुणीही एकानं आलेल्या माणसाला ओळखलं, आणि वहीत 'मी ओळखते' असं लिहून सही केली, की लेकरू मिळायचं. याला ते ओळखीची सही म्हणत. भाऊ स्वतः बाहेरचे, त्यांना फारशी माणसं माहीत नव्हती; म्हणून बहुतेक सह्या माझ्याच. मी पूर्ण नाव लिहिते, एकेक अक्षर थांबून. तेवढ्यात बऱ्याच आयांना पर्सच्या तळाशी बिल्ला सापडायचा. भाऊ वही बंद करत म्हणायचे, "बाईंची सही म्हंजे देवाची सही. येळ लागते, पन पक्की."

एवढं असून मला त्यांचा राग होता. कारण मलाही बिल्ला होता. मला खर्ऱ्याची, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीची, सवय आहे. आमच्या भागात ती कुणाला नाही. दुपारी एकदा-दोनदा मी मागच्या भिंतीआड जाऊन यायची. भाऊंचं म्हणणं, बाहेर पाऊल टाकलं की बिल्ला टांगा. लेकरांसारखा माझाही नंबर. मी म्हणायची, "मले कोन पळवून नेते भाऊ?" तर म्हणायचे, "तुमाले कोनी नाई नेत. पन तुमी नाई हे मले मालूम पाहिजे."

धान कापणीच्या दिवसांत एका दुपारी मॅडम चक्कर मारायला आल्या. लेकरं न्यायला आलेल्या दोन आया उभ्या होत्या. मॅडमनी सहज विचारलं, सगळं ठीक ना, आणि भाऊ म्हणाले, "मॅडम, बाई आज दोनदा बाहेर गेल्या. बिल्ला टांगला नाई." चुगली म्हणून नाही, ते पाण्याची टाकी भरली का हेही याच आवाजात सांगायचे. मॅडम मला म्हणाल्या, "मावशी, या वयात शोभतं का? आधी तोंड धुऊन या." त्या दोन आया एकमेकींकडे पाहून हसल्या. मी नळावर जाऊन चुळा भरल्या आणि ठरवलं, या माणसाला चार लोकांत एकदा तरी खाली पाहायला लावायचं.

मॅडम मग चंद्रपूरला मीटिंगला गेल्या. साडेतीनच्या सुमारास एक म्हातारा आला. धोतर, खांद्यावर पिशवी, पायाला शेतातला चिखल वाळलेला. दुसरीतल्या एका पोरीला न्यायला आला होता.

"मी इच्या आजीचा भाऊ जी, गोंडपिपरीकडून आलो. माह्या बहिणीचं काई खरं नाई. सकाळपासून पोरीले आना, पोरीले आना म्हनून राह्यली."

भाऊंनी विचारलं, "पोरीचे मायबाप?"

"तेबी तिथीच हायेत, उशाशी. सकाळी पोरीले शाळेत सोडून आले, संध्याकाळी वापस येऊ म्हनून. दुपारी जास्त झालं. मंग मले धाडलं."

"बिल्ला?"

"त्या घाईत कोन बिल्ला देते जी?"

पोरगी दप्तर घेऊन धावत आली, मामाआजोबा म्हणून त्याला चिकटली. भाऊ मऊ आवाजात म्हणाले, "लेकरू त चाकलेट देनाऱ्यालेही मामा म्हनते." त्यांनी पोरीच्या बापाला फोन लावला. लागेना. आईला लावला. तोही लागेना, त्या गावाला जंगल लागून आहे, रेंज असली तर असते. सात-आठ वेळा लावला. म्हातारा घड्याळाकडे पाहत म्हणाला, "साडेचारची गाडी भेटली त चंद्रपुराहून पुढची भेटन. नाई त आज काई पोचत नाई."

तेव्हा भाऊ माझ्याकडे वळले. "बाई, तुमी गोंडपिपरीकडच्या ना? पाहा बरं नीट. ओळखता का यायले?"

मी त्याला दारात पाहिल्याबरोबर ओळखलं होतं. त्याच्या धानाच्या शेताला माझ्या बापाची बांधी लागून. माझ्या लग्नात त्यानं पंगतीत वाढलं होतं. भाऊंनी वही उघडून पेन माझ्यापुढे धरलं होतं. नाव लिहायला मला कितीही वेळ लागो, गाडीला पाऊण तास होता.

मी म्हटलं, "मी नाई ओळखत."

माझ्या मनात एवढंच होतं की म्हातारा आरडाओरडा करेल, उद्या मॅडमकडे तक्रार जाईल, भाऊंना बोलणी बसतील. पोरीचा विचार केला नाही. तिच्या आजीचा तर मुळीच नाही. म्हातारा ओरडला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तो बाहेर पायरीवर जाऊन बसला. भाऊंनी त्याला पाणी नेऊन दिलं, स्वतःच्या डब्यातली पोळी दिली. त्यानं पोळी खाल्ली नाही. पोरगी खिडकीच्या गजांतून त्याचा हात धरून उभी होती. सव्वापाचला बापाचा फोन लागला. आवाज ऐकल्याबरोबर भाऊंनी पोरीला सोडलं, स्वतः रस्त्यावर धावले, कोळशाचा ट्रक थांबवून दोघांना चंद्रपूरपर्यंत बसवून दिलं. पुढे त्यांनी कुठलीशी जीप धरली. ते पोचायच्या अर्ध्या तासाआधीच आजी गेली होती.

तेरवी झाल्यावर पोरीचा बाप शाळेत आला. डोक्याचं मुंडण केलेलं. तोही ओरडला नाही. म्हणाला, "माही माय शेवटपर्यंत दाराकडे पाहून राह्यली होती मॅडम." मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं होतं. अध्यक्षांच्या खुर्चीची गोष्टही त्यांच्या मनात असणार. त्यांनी विचारलं, कुणाची चूक? भाऊ म्हणाले, "नियम माहा, तं चूकबी माही. बाई ओळखतच नव्हत्या, त त्या सही कशी करतीन?" मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिले. दोन शब्द बोलायचे होते. नोकरी गेली असती, आणि मला ती हवी होती. भाऊंना त्याच दिवशी काढलं. जाताना त्यांनी लेकरं एकदा मोजली आणि मला आकडा सांगितला.

ती पोरगी अजून येते. माझ्याकडूनच वेणी घालून घेते. एकदा वेणी घालताना म्हणाली, "मावशी, तू ओळखलं असतं तर मी आजीला भेटले असते ना?" मी म्हटलं, मान सरळ ठेव.

दोनेक महिन्यांनी भाऊ आठवडी बाजारात भेटले. वांगी निवडत होते, एकेक हुंगून. मला पाहून एवढे खूश झाले की मलाच तिथून पळावंसं वाटलं. एकेका लेकराची चौकशी केली. मग म्हणाले, "बाई, त्या म्हाताऱ्याचं तोंड डोळ्यापुढून जात नाई. तुमी तिकडं गेल्या त भेटा त्यायले. माह्याकडून हात जोडा."

मी गेले. म्हातारा ओसरीत सुतळी वळत होता. मी भाऊंचा निरोप सांगितला. तो हातातलं काम न थांबवता म्हणाला, "तुले मी तवाच ओळखलं होतं. 'मी नाई ओळखत' म्हनली ना, तवा. आवाज तुह्या बापाचा."

"मंग बोलले काऊन नाई?"

"म्हटलं असन काई मजबुरी. एकटी बाई, नोकरी जाईन." सुतळीला पीळ देत म्हणाला, "त्या मानसाचा मले राग नाई म्हना. त्यानं पोळी देल्ली होती."

पुढच्या बाजारी मी भाऊंना तेवढंच सांगितलं, की राग नाही म्हणाले. बाकीचं ओठापर्यंत आलं होतं. पण त्यांनी पिशवी खाली ठेवली, चष्मा काढून पुसला, आणि मला हॉटेलात नेऊन चहा पाजला. आपण आता सिरोंचाला मुलीकडे राहायला जातो आहोत, या एका गोष्टीसाठी पाय अडत होता, असं म्हणाले. "तुमी माह्यासाठी एवढ्या दूर गेल्या बाई. असं कोनी नाई करत." मी त्या गावी भाचीच्या बारशाला गेले होते. तेही मी सांगितलं नाही. चहा फार गोड होता. मी सगळा प्याले. मग ते वांग्यांची पिशवी घेऊन बस स्टँडकडे निघाले, आणि गर्दीत दिसेनासे होईपर्यंत मी तिथंच उभी राहिले. त्यांनी एकदा वळून हात केला. मीही केला.