सातुर्निनाचा पहिला नकार

उर्कोसच्या बाजारात उकडलेली कणसं आणि खारं चीज विकणारी सातुर्निना वील्का कुणालाही पहिल्या शब्दाला हो म्हणत नाही. हा काही तिचा आखडूपणा नव्हे. वर डोंगरात तिच्या गावी सगळे असेच. मुलगी मागायला आलेले असोत, नाहीतर घर बांधायला मदत मागणारे, आधी नाहीच म्हणायचं. ज्याला खरंच हवं असेल तो मानाची म्हणून चघळायची कोकाची पानं घेऊन पुन्हा येतो. लगेच हो म्हणणारं माणूस हावरट दिसतं. तिच्या नवऱ्याला, एउसेबिओला, सासऱ्याचा उंबरा तीनदा झिजवावा लागला होता.

त्यांची येनी सहा वर्षांची असताना तिचे गुडघे सुजले. सकाळी पोरीला उचलूनच अंथरुणाबाहेर काढावं लागे. कुस्को शहरातल्या एका इस्पितळात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सांध्यांचा आजार आहे, लहान मुलांवर एका नव्या औषधाचा अभ्यास चाललाय, सगळं फुकट, येनीला घेऊ का? सातुर्निनाला त्या बाईंचे पाय धरावेसे वाटले. तोंडाने मात्र ती रीतीप्रमाणे बोलली.

"नको हो बाई. आम्ही डोंगरातली माणसं, आम्हाला कुठलं जमायचं हे?"

डॉक्टरीणबाईंनी समजूतदारपणे मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं.

सातुर्निना घरी आली ती कामालाच लागली. अंगण सारवलं, पाहुण्यांसाठी नवं घोंगडं काढलं, सगळ्यात गुबगुबीत गिनीपिग मेजवानीसाठी बाजूला ठेवला. तीन आठवडे गेले, चार गेले. शेजारची पाउलिना म्हणायची, "तुझी डॉक्टरीण येईपर्यंत तो गिनीपिग म्हातारपणानेच मरेल बघ." सातुर्निना हसायची आणि खालच्या रस्त्याकडे बघत बसायची.

पाचव्या आठवड्यात मात्र तिला राहवेना. लाजलज्जा गुंडाळून ठेवून, येनीला पाठीशी बांधून ती स्वतःच इस्पितळात गेली. जागा भरली होती. शेवटची जागा शहरातल्या एका बँकेतल्या कारकुनाच्या मुलीला मिळाली होती. त्याने तासभर प्रश्न विचारून डॉक्टरीणबाईंना भंडावून सोडलं आणि जेवणाच्या सुट्टीआधी सही ठोकली. त्याचं तरी काय चुकलं? आणि बाईंना त्यांच्या शाळेत नाही म्हणजे नाही एवढंच शिकवलेलं. एवढी शिकलेली माणसं, पण पुन्हा एकदा विचारावं हे एकालाही सुचू नये!

पुढे ती कारकुनाची मुलगी तिला इस्पितळात एकदाच दिसली, दोन दोन पायऱ्या गाळत जिना उतरताना. तेव्हापासून सातुर्निना मनातल्या मनात येनीला त्या जिन्यावरून पळवते. कणसं सोलताना पळवते, बसची वाट बघताना पळवते.

येनी आता पंधरा वर्षांची आहे. गुडघे वाकले ते वाकलेच. आईशेजारी खोक्यावर बसून ती सुटे पैसे देते, आणि गिऱ्हाइकांची नक्कलही झकास करते.

गेल्या महिन्यात विद्यापीठातली एक मुलगी वही घेऊन दुकानाशी आली. डोंगरातल्या लोकांची केचुआ भाषा चांगली बोलत होती. असल्या अभ्यासांत शहरातलीच मुलं भरतात, डोंगरातले आईबाप नकार देतात, ते का, हे तिला जाणून घ्यायचं होतं.

"नकार कुठे दिला मी?" सातुर्निना म्हणाली. "मी तर वाट बघत होते."

मग तिने गावची रीत सांगितली. त्या मुलीचं लिहिणं थांबलं. आता तरी येनीला घेतील का, असं सातुर्निनाने विचारलं. मुलीने खाली बघत सांगितलं, तो अभ्यास केव्हाच संपला. औषध आता मिळतं, पण आखडून गेलेले सांधे त्याने सुटत नाहीत.

येनीने हातातलं कणीस टोपलीत ठेवलं.

"आई," ती म्हणाली, "तेव्हा मला कुणी विचारलं असतं ना, तर मी एका शब्दात हो म्हटलं असतं."