सवतीचा खोकला

जयवंताबाईच्या गळ्यात दोन माणसं होती. मंगळसूत्रात नवरा धुळाजी, आणि काळ्या दोऱ्यात, चांदीच्या टाकावर कोरलेली, चांगुणाबाई. ही धुळाजीची पहिली बायको, टीबीनं वारलेली. दुसरेपणावर आलेल्या बाईनं सवतीचा टाक गळ्यात घालायचा, जेवायच्या आधी तिच्या नावाचा घास काढायचा, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं. जयवंताबाई हे सगळं मनापासून करायची. जिचं तोंड कधी पाहिलं नाही, तिला सख्ख्या बहिणीसारखं जपायची.

लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत तिला खोकला लागला.

मी तीर्थपुरीच्या भागात टीबीचं काम करते. गोळ्या देते, थुंकी तपासायला नेते आणि लोकांशी भांडते. पगार पहिल्या दोन कामांचाच मिळतो. त्यांच्या घरी गेले तेव्हा दिवेलागण झाली होती. अंगणात सासू तुळजाबाई शेळी बांधत होती. आत कुणीतरी खोकललं. कोरडा खोकला, शेवटी बारीक शीळ वाजणारा. तुळजाबाईच्या हातातलं दावं गळालं.

"ऐकलं का मॅडम? ह्यो हिचा खोकला न्हाई. चांगुणीचा हाय. बराबर असाच खोकायची ती."

मी हसले. पण चांगुणाबाईला गोळ्या मीच देत होते आणि तिचा खोकला माझ्या कानात होता. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला.

जयवंताबाईला टीबीच निघाला, आणि चांगुणाबाईसारखाच तोही नेहमीच्या औषधांना दाद देईना. तुळजाबाई म्हणे, सवत छळते. धुळाजी म्हणे, हिनं सिंदखेडराजाकडून, माहेराहून रोग आणला. मतं दोन, निकाल एकच: हिला माहेरी धाडा. धुळाजी स्वतः मात्र थुंकी द्यायला तयार नव्हता. मी येणार म्हटलं की मेंढरं घेऊन गोदावरीच्या काठाला निघून जायचा. गाठ पडलीच तर म्हणायचा, "मला काय धाड भरली? बिडीचा ठसका हाय."

पुण्याच्या प्रयोगशाळेनं जयवंताबाईच्या जंतूचा जिनोम वाचायला घेतला. चांगुणाबाईचा जंतूही तिथं गोठवून ठेवलेला होता. बाईची माती होऊन तीन वर्षं झाली, आणि तिच्या छातीतलं रोगाचं बी तिकडं थंडगार पेटीत जिवंत होतं. या जंतूच्या जिनोमात चव्वेचाळीस लाखांच्या आसपास जनुकीय अक्षरं असतात. त्याची पिलावळ वाढते तसं एखादं अक्षर बदलतं. अनोळखी रोग्यांच्या जंतूंत शेकड्यांनी फरक निघतात. या दोघींच्या जंतूंत निघाला तीन अक्षरांचा.

म्हणजे रोग माहेरचा नव्हता, याच घरातला होता. दोघी कधी भेटल्या नाहीत, तेव्हा मधे कुणीतरी तो छातीत बाळगून होता. आणि तो अजून खोकत होता.

मी जाऊन सांगितलं. "दोघींचा जंतू एकच," एवढं ऐकताच तुळजाबाईनं हात जोडले. "बघा! मशीनीत बी चांगुणीच निघाली!" पुढचं कुणी ऐकलंच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर मेलेल्या बाईला पुन्हा फाशी. माझा नुसता संताप झाला.

जयवंताबाईला तिचा भाऊ अंगद घेऊन गेला. नव्या गोळ्या माहेरी सुरू झाल्या. मग कळलं, धुळाजीसाठी पिंपळगाव रेणुकाईला मुलगी पाहिली आहे. जयवंताबाईचा फोन आला. चार शब्द आणि खोकला, चार शब्द आणि खोकला.

"ताई, त्या पोरीला बी व्हईल का?"

"तो तपासून घेत नाही, गोळ्या खात नाही, तोवर होऊ शकतो."

तिनं खोकून घेतलं. मग म्हणाली, "तिला दोन टाक घालावं लागतील."

"मी जाते सांगायला."

"तुमचं कोण ऐकून राह्यलंय, ताई?"

पुढचं अंगदनं सांगितलं. भर दुपारी त्यानं तिला मोटारसायकलवर पिंपळगावला नेलं. तोंडाला मास्क, डोक्यावर पदर. ती फाटकाबाहेरच उभी राहिली. मुलीची आई बाहेर आली, मागोमाग मुलगी.

"पोर देऊ नका," जयवंताबाई म्हणाली. "त्याच्या छातीत रोग हाय. एक बायको गेली, दुसरी खाटंवर हाय. आधी त्याला तपासा."

"तुम्ही कोण, बाई?"

"चांगुणा. धुळाजीची पहिली."

आईनं पोरीला आत ओढलं आणि दाराला कडी घातली. सोयरीक तिथंच मोडली. चांगुणा येऊन गेल्याचं ऐकून दोन दिवसांत धुळाजी आपल्या पायांनी माझ्याकडं आला. चेहरा राखेसारखा.

"ती माझ्या अंगात बी येईल का, ताई?"

"कधीचीच आलीय," मी म्हणाले आणि थुंकीची बाटली त्याच्या हातात दिली. टीबी निघाला, तोच, हट्टी. आता मुकाट्यानं गोळ्या घेतो.

जयवंताबाई हळूहळू सुधारली. भेटायला गेले तेव्हा मी तिला दटावलं, "एवढं धडधडीत खोटं बोलायला कुठं शिकलीस गं?"

"ठरवूनच गेल्ते, ताई. माझं नाव सांगितलं असतं तर म्हणले असते, हिच्या पोटात दुखतंय." मग माझ्या हातावर हात ठेवून हळूच म्हणाली, "पण एक सांगू? तिचं नाव घेऊन बोलून सरंस्तवर मला खोकला एकदा बी आला न्हाई."