बंद झालेलं क्षेपणास्त्र

अम्मीला मांडव्याहून माझ्या लेकीच्या शहरात आणलं, तेव्हा तिथलं विमानांचं संग्रहालय दाखवायची दुर्बुद्धी मला सुचली. अम्मी नेमकी एका जुन्या क्रूझ क्षेपणास्त्रापाशी थबकली. "आपल्या होडीएवढंच हाय," ती म्हणाली. "तुझ्या भावाकडे आखातात हीच पडतात ना?"

मला तो विषय नको होता. "हे फार जुनं आहे. केव्हाच बंद झालं," मी तुटकपणे म्हणाले.

तिचा चेहरा निवळला. तिथूनच तिने भावाला स्पीकरवर फोन लावला. "बेटा, ती बंद झाली. इथे आणून ठेवलीत, मी हात लावून बघितलं."

तो म्हणाला, "व्हय अम्मी, इथेही बंद झाली."

सकाळीच त्याने मला त्याच्या खोलीचा फोटो पाठवला होता. खिडकीला काच उरली नव्हती.