इनासमामाचा चेलो

लिडविनला अजून झोप लागलेली नाही. चर्चच्या हॉलमध्ये, व्यासपीठामागच्या खोलीत, दोन खुर्च्या जोडून ती आडवी झाली आहे. दुपारची वेळ. बाहेर कुणीतरी खुर्च्या मांडतंय, त्यांचे पाय फरशीवर घासतात. मग तोच आवाज केळीची पानं वाऱ्यात घासावीत तसा होतो, आणि तरी तिला खात्री असते की आपण जाग्या आहोत. चेलो शेजारी कुशीवर ठेवलेला आहे, तारांवर ओढायचा बो त्याच्यावर आडवा. जेवणाआधीच तिने तो नीट सुरात लावला आहे. संध्याकाळी कार्यक्रम आहे, बहुधा चौकडीचा शेवटचा.

चौकडी म्हणजे वसईतल्या चौघांचा स्ट्रिंग क्वार्टेट. दोन व्हायोलिनं, त्यांच्याहून जरा मोठा एक व्हिओला, आणि खर्जातला एक चेलो. लिडविनच्या जन्माआधीपासून ते वाजवतायत: जुन्या जर्मन उस्तादांच्या रचना, आणि मधूनच एखाद्या हयात संगीतकाराचं काहीतरी, ज्याला गावातले लोक सभ्यपणे टाळ्या वाजवतात. चेलो इनासमामा वाजवायचा. मागच्या उपवासकाळात तो गेला आणि फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालेली त्याची भाची लिडविन त्याच्या खुर्चीवर बसली. तेव्हापासून चौकडीचा सूर बसत नाही. पहिलं व्हायोलिन वाजवणारे ज्युलियस सर म्हणतात, दोष कुणाचा नाही, माझे कान गेले. आज कार्यक्रम संपला की तसं लोकांना सांगून ते थांबणार आहेत. आणि ते थांबले की चौकडीही थांबली.

"सरक की गं जरा," मामा म्हणतो.

लिडविन पाय आखडून घेते. मग तिच्या लक्षात येतं, आपण कुणाला जागा दिली.

मामा खुर्चीच्या कडेवर टेकला आहे, पेटीत घालताना अंगावर होता त्याच काळ्या कोटात. त्या पेटीवर तिने स्वतःच्या हाताने माती लोटली होती.

"तुझ्या आईला सांग, हा कोट काखेत आवळतो," मामा म्हणतो. "ह्यात बो ओढता येत नाही. कुणाचा आणला होता?"

"तुझाच आहे. लग्नातला."

"तरीच."

"मामा, तू मेलायस."

"मला कळवलंय त्यांनी. चेलो घे."

ती चेलो उचलायला वाकते तर खाली फरशी नसते, ओली माती असते. दोघं मामाच्या केळीच्या बागेत बसले आहेत आणि पाटाचं पाणी खुर्च्यांच्या पायांना लागतंय. यात काही चमत्कारिक आहे असं मामाला वाटत नसावं.

"तळाची तार ओढ."

ती ओढते. वर, पानांच्या पलीकडून कुठूनतरी, ज्युलियस सरांच्या व्हायोलिनची सगळ्यात उंच तार त्यात मिसळते. दोन्ही आवाज एकत्र आले की पाटाचं पाणी थरथरू लागतं, आणि ती थरथर काही केल्या बसत नाही.

"सर चढे लावतात," लिडविन म्हणते.

"ज्युलियस जागेवर आहे. तू खाली आहेस."

"शक्य नाही. प्रत्येक तार शेजारच्या तारेशी लावताना थरथर पूर्ण थांबेपर्यंत मी खुंटी सोडत नाही. एक केस इकडे नाही की तिकडे."

"तेच तर. वरून खाली प्रत्येक पायरी तंतोतंत मोजून उतरलीस, तर तळाशी पोहोचेपर्यंत ज्युलियसपासून लांब जातेस. मी प्रत्येक पायरी जराशी आखूड ठेवायचो. मग तळ आणि माथा जुळतो."

पाण्यातली थरथर हिरवी होते, उजळते. ती आता कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या पडद्यावरची लाट आहे, आणि मामा त्या आवळ कोटात टेबलाला टेकून उभा आहे. लिडविनला धक्का बसतो तो त्याच्या तिथे असण्याचा नाही. धक्का याचा की हे गणित तिला येतं. परीक्षेत तिने ते सोडवलं होतं, पूर्ण मार्क मिळवून. मांडीशी चेलो धरल्यावर मात्र ते एकदाही आठवलं नाही.

"म्हणजे सरांचे कान..."

"शाबूत आहेत. एका बाजूला तू ओढतेस, दुसऱ्या बाजूला दुसरं व्हायोलिन. बोट ठेवायचं कुठे त्याने? माणूस वेडा नाही होणार?"

"पण नव्या रचनेत कुणी काही बोललं नाही."

"नव्यात तू चेलोला लाथ मारलीस तरी टाळ्या पडतील."

"तू हे त्यांना कधी सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं? कानाला बरं वाटेल तसं मी लावायचो, बाकीचे माझ्यावरून लावायचे. बोलायची वेळच आली नाही." मामा थोडा ओशाळतो. "मरायचं होतं हे कुठे माहीत होतं. आण इकडे."

तो खुंट्यांकडे हात लांबवतो. कोट काखेत टर्रकन उसवतो.

लिडविन उठून बसते. खोलीत कुणी नाही. ती सूर जुळवायचा ट्यूनिंग फोर्क गुडघ्यावर आपटून कानाशी धरते आणि चेलोची सगळ्यात वरची तार ओढते. ती जागेवर आहे. दुसरी जराशी चढली आहे. तिसरी त्याहून जास्त. तळाची सर्वांत जास्त. हवेने चढल्या असत्या तर चारही चढल्या असत्या. ती पुन्हा फोर्क आपटते, पुन्हा तेच.

"झोपलीस होय?" ज्युलियस सर व्हायोलिन घेऊन दारात उभे आहेत. "लोक यायला लागले."

"सर, तुमची उंच तार ओढा ना."

"आज शेवटच्या दिवशी कशाला माझी परीक्षा?" असं म्हणत ते ओढतात. लिडविन तळाची ओढते.

थरथर येत नाही. दोन्ही आवाज एकमेकांत बसतात आणि बसूनच राहतात. सरांचा बो टोकाला येऊन थांबतो. ते चेलोकडे बघतात, खुंट्यांकडे, मग दाराकडे.

"कुणी लावला हा?"

"मी नाही, सर."

"ते ऐकू येतंय मला," ज्युलियस सर म्हणतात, आणि आपण काय बोललो ते कळून तिथेच खुर्चीवर बसतात. मग व्हायोलिन पुन्हा हनुवटीखाली जातं.

"ओढ परत," ते म्हणतात. "खुंट्यांना हात लावू नकोस."