देवळात मिटवलेली तक्रार

कोचनं बेलभंडारा उचलला तेव्हा मी देवळाच्या पायरीवर पोचले होते. देवाची बेलपानं आणि हळद हातात घेऊन शपथ खाल्ली की माणूस खरा. आमच्याकडे हायकोर्टसुद्धा त्याच्या खालीच.

मी निवृत्त पीटी टीचर. माझ्या शिट्टीनं येडगाव धरणातले मासे लाइनीत उभे राहतात असं पोरी सांगायच्या. मी कधी खोडून काढलं नाही. म्हणूनच गावच्या कबड्डी क्लबनं मला चाइल्ड प्रोटेक्शन ऑफिसर केलं. म्हणजे काय, तर पोरांची तक्रार ऐकायची आणि ती दाबू द्यायची नाही. पहिला नियम: मोठ्या माणसानं मुलाला बंद खोलीत एकटं घ्यायचं नाही. मग तो कोच असो नाहीतर साक्षात हनुमान.

साक्षी नववीतली, नाव बदललंय. आमची रेडर. चपळ अशी, की तिची सावली मागून धापा टाकत यायची. तिनं मला सांगितलं, की मालिश म्हणून सर एकटीला खोलीत बोलावतात, नको तिथं हात लावतात, बोललीस तर टीममधून काढीन म्हणतात. बरं केलंस सांगितलंस, म्हटलं. कोचला लगेच बाजूला करा असं अध्यक्षांना बजावलं आणि पोलीस ठाणं गाठलं. असं कानावर आलं की पोलिसांना कळवावंच लागतं, पोक्सो कायदाच तसा आहे. कमिटीची मर्जी विचारायची नसते. परत येते तर कमिटी देवळात. कोचला बोलावलेलं, साक्षीला आणि तिच्या बापालाही.

"मिटलं, मॅडम," अध्यक्ष म्हणाले. "भंडारा उचलला त्यांनी. आता काय राह्यलं?"

"तपास राह्यला, भाऊ."

"देवापरीस पोलीस मोठं का?"

तेवढ्यात साक्षी पुढं झाली. "मी बी उचलते भंडारा."

पुजाऱ्यानं ताट मागं ओढलं. बाप खालच्या आवाजात म्हणाला, "घरी चल. उद्या तुला सोयरीक कोण आणंल?"

"सरांनी उचलला तर खरं, आन् मी उचलायचा बी न्हाई?"

तिचं ऐका, म्हणून मी तिच्या शेजारी उभी राहून ओरडले. माझा आवाज नारायणगडापर्यंत जातो. त्या दिवशी तो सभामंडपाबाहेरही गेला नाही. बाप तिला दंडाला धरून घेऊन गेला.

पोलीस आले तेव्हा साक्षी ओतूरला मावशीकडे पोचलेली. महिला पोलीस तिथंही गेली, समजुतीनं बसली, हलक्या आवाजात बोलली. पण मावशी दारातून हलेना. काहीच झालं न्हाई, एवढंच साक्षी म्हणाली. तपास तिथंच अडला.

कोचला आंबेगावात दुसरा क्लब मिळाला. नारळ, फेटा, मिरवणूक. मी तिथल्या सेक्रेटरीला फोन केला, तर तो हसला. "सगळं माहितीय, मॅडम. भंडारा उचललाय त्यांनी. याहून मोठं कॅरेक्टर सर्टिफिकेट असतंय व्हय?"

परवा ओतूर स्टँडवर साक्षी दिसली. खेळतेस का, विचारलं.

"न्हाई. मावशी म्हणती, मैदानावर गेलं की लोकं वळखत्यात." मग बस लागली आणि ती गेली.

क्लबच्या नियमांत आता मी एक ओळ वाढवलीय: तक्रारीचा निकाल देवळात लागणार नाही. कमिटीनं ती एकमतानं मंजूर केली. मीटिंग देवळातच होती.