भावाने सांगितलेली जपानी गोष्ट

माझा भाऊ बोटीवर होता. एका सफरीहून तो शिरोड्याला घरी आला तेव्हा त्याच्या बॅगेत जपानी सीड्या होत्या, कुठल्याशा बंदरावरच्या जुन्या बाजारात घेतलेल्या. आम्ही त्यांना कार्टून म्हणायचो, पण त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं. ओसाड पडलेलं एक राज्य, त्याच्या गादीवर बसलेला राक्षस, आणि एका आजारी मुलीला पाठीवर घेऊन त्या राज्यातून चाललेला एक हात गमावलेला शिपाई. अ‍ॅनिमे हा शब्द मला पुष्कळ वर्षांनी कळला.

संवाद जपानीत होते आणि पडद्यावर खाली काही लिहून यायचं नाही. मग भाऊ टीव्हीचा आवाज बंद करायचा, शेजारी खुर्ची ओढायचा आणि मालवणीत गोष्ट सांगायला लागायचा. राक्षसाची फौज वाड्यातून बाहेर पडली की त्याच्या तोंडून निघायचं, "फुडे सरका, फुडे सरका, मागे जागा करा!"

"मेल्या, राकेस असो बोलता?" आई म्हणायची.

"आये, ह्यो कुडाळ डेपोचो राकेस आसा."

आई हसून पदर तोंडाला लावायची. "पिंगुळीचो चित्रकथी झालंस रे तू!" पिंगुळीचे चित्रकथी आम्ही लहानपणी देवळात पाहिले होते. एकेक चित्र पुढ्यात उभं धरायचं आणि त्यातली गोष्ट गाऊन सांगायची. चित्र हलत नाही, सांगणाऱ्याच्या आवाजाने ते हलल्यासारखं वाटतं.

ती मालिकाही बरीचशी तशीच होती. पैसे वाचवायला असेल, पण अर्धा वेळ चित्रं हलायचीच नाहीत. तोच घोडा पुन्हा पुन्हा त्याच टेकडीवरून धावायचा. माणूस बोलताना फक्त ओठ हलायचे, बाकी चेहरा दगडासारखा. रक्त नको तितकं. आणि बायका मात्र मरण्यासाठीच आणलेल्या. एखादी बाई गोष्टीत आली की ती आता मरणार आणि शिपाई चिडून तलवार काढणार, हे आधीच कळायचं. तिला काय वाटलं हे कोणी विचारत नसे. तरीही मी ती सोडू शकलो नाही. अंधार इतकी माया लावून रंगवलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. काळ्यात निळा, निळ्यात थोडा जांभळा, कोणीतरी हाताने बसून भरलेला. आणि त्या गोष्टीत गेलेलं माणूस परत येत नसे. देव मध्ये पडत नसे. आपल्याकडच्या कुठल्याच सिनेमाने मला इतकं खरं सांगितलं नव्हतं.

पुढे भावाला मुलगी झाली. ती त्याच सीड्यांवर वाढली, अर्थात त्याच्या आवाजात. त्याच्या गोष्टीत शेवटी शिपाई आजारी मुलीला होडीत झोपवतो, "माझा घर बांधून झाला की तुका न्हेवक येतंय," असं सांगतो आणि परत फिरतो. पाण्यावरची होडी, एवढंच एक चित्र बराच वेळ पडद्यावर थांबतं आणि मालिका संपते. पुतणी लहान असताना त्या चित्राला हात हलवून टाटा करायची.

दोन वर्षांपूर्वी भाऊ गेला. गोव्याच्या इस्पितळात मी त्याच्याजवळ होतो. मुलीची परीक्षा चालू होती. तो रोज नळी बाजूला करायला लावून तिला फोन करायचा, "बरो आसंय गो बाये, तू पेपर बघ." फोन ठेवला की भिंतीकडे तोंड करायचा. मला एवढंच म्हणाला, "तिका सांगू नको." मी सांगितलं नाही. तिचा शेवटचा पेपर झाला त्याच्या आदल्या दिवशी तो गेला. एकाएकी बिघडलं, एवढंच आम्ही तिला नंतर सांगितलं.

यंदा पुतणी म्हणाली, "काका, पप्पांचा ता कार्टून बघूया मां." सीड्यांवर चरे पडले होते. मी कुडाळच्या शाळेत इंग्रजी शिकवतो. नेटवर शोधून तीच मालिका मी मिळवली, स्वच्छ, खाली इंग्रजीत संवाद असलेली. मला त्याचा अभिमान वाटला, हे लिहायला आज लाज वाटते. रविवारी दुपारी शिरोड्याला जायचं, वहिनीच्या हातचं जेवायचं आणि एकेक भाग बघायचा. मी संवाद वाचून अर्थ सांगायचो. सुरुवातीला तिला मजा आली.

"म्हणजे राकेस 'फुडे सरका' म्हणत नाय?"

"नाही. तो म्हणतो, एकालाही जिवंत सोडू नका."

"पप्पांचो राकेस बरो होतो," ती म्हणाली आणि हसली.

शेवटच्या भागाच्या रविवारी ती टीव्हीसमोर आलीच नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "शेवट माका म्हायत आसा. ऱ्हवांदे काका."

आमच्या घरी पोथी लावली की ती मध्ये सोडत नाहीत. कोणी आजारी पडलं तर दुसऱ्याने वाचायची, पण अध्याय पुरे करायचे. मी कार्टूनलाही तोच नियम लावला. "अर्धवट टाकू नये. आणि पप्पाने सांगितलं ते अंदाजाने. खरं काय आहे ते एकदा बघ." हे मी वर्गात बोलतो त्याच आवाजात बोललो. ती येऊन बसली.

खरं असं होतं की भाऊ सांगायचा तसा शिपाई मुलीला बरं करायला नेतच नव्हता. राक्षसाने त्याचं गाव परत देण्याचं कबूल केलं होतं आणि त्या बदल्यात ती मुलगी मागितली होती. त्याने ती दिली. होडीत ती झोपलेली नव्हती, मेलेली होती. मी हे सगळं वाचून दाखवलं, शब्द न गाळता. मग ते न हलणारं चित्र आलं. त्या चित्रावर संवाद नव्हता, संगीतही नव्हतं. मालिकेचे पैसे संपले असतील, पण त्या गप्प जागेतच माझ्या भावाने आपला शेवट बसवला होता.

पुतणी पडद्याकडे बघत राहिली. "पप्पांका ह्यां म्हायत होता?"

"ठाऊक नाही."

"म्हायत आसतला. बोटीर कोणाक तरी इचारल्यानी आसतले." मग ती म्हणाली, "गोव्यासून फोन करीत, बरो आसंय म्हणान. तांव्हा पण असांच मां?"

मी नाही म्हणू शकलो असतो. भावाने माझ्या जागी एका श्वासात नाही म्हटलं असतं आणि वर एखादा विनोद केला असता. पण आताच खऱ्याची महती सांगून बसलेल्या मला ते जमलं नाही. मी हो अशी मान हलवली.

ती रडली नाही. ताटं उचलून आत गेली. वहिनीने बाहेर येऊन विचारलं, "काय झाला?" मी म्हटलं, मालिका संपली.

तिच्याकडे तिच्या बापाचे ते फोन होते. पेपरांच्या दिवसांतले, हसतखेळत केलेले. तेवढेच तिने जपले होते, आणि तेच मी तिच्या हातातून काढून घेतले. तो गेला यात माझा हात नव्हता. हे मात्र मी केलं.

ती अजून माझ्याशी नीट बोलते. रविवारी येऊ का विचारलं तर या म्हणते. गेल्या आठवड्यात मला ताप होता म्हणून फोनवर सांगितलं की येत नाही, विशेष काही नाही, बरा आहे. पलीकडून तिने विचारलं, "खरां मां, काका?"

खरंच साधा ताप होता. मी परत परत सांगितलं. संध्याकाळी ती आणि वहिनी शिरोड्याहून एसटीने कुडाळला आल्या. पुतणीने दारातच माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि मग चप्पल काढून आत आली.