इतिहासाचा शेवटचा आठवडा

लायल गुरुवारी परीक्षेला बसेल का, ही काळजी मला झोपू देत नाही. माझा हा मुलगा इराकच्या लढाईतून परतला आणि वीस वर्षं लोकांच्या घरांची छपरं बसवत राहिला. गुडघे गेले तेव्हा त्याने गावातल्या कॉलेजात नाव घातलं. तिथे अमेरिकेचा इतिहास सगळ्यांनाच सक्तीचा आहे.

"घाबरू नकोस गं आई," तो हसत म्हणाला होता. "इतिहासाचे मास्तर दरवर्षी व्हिएतनामच्या लढाईतच अडकतात. माझ्या लढाईपर्यंत पोचायच्या आत सुट्टी लागते."

यंदाच्या बाईंनी मात्र सगळं वेळेत शिकवलं. सोमवारी पडद्यावर इराकमधल्या फलुजा शहरातला रस्ता आला, लायल जिथे लढला होता तिथला. शेजारच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "हे परीक्षेला आहे का?" लायल उठला आणि गाडीत जाऊन बसला. त्यानंतर तो वर्गात गेलेला नाही.

"त्या पोरीचं काय चुकलं? तेव्हा ती जन्मलीही नव्हती," एवढंच तो मला म्हणाला.

बाईंना फोन करावा असं मनात आलं. पण चाळिशी ओलांडलेल्या मुलासाठी आईने शिक्षकांकडे जाऊ नये. मी आत्ता, एवढ्या रात्री लायललाच फोन करते. गुरुवारी मी तुला सोडते आणि परीक्षा संपेपर्यंत बाहेर गाडीत बसते, एवढंच सांगणार आहे. तोही जागाच असेल.